न उघडलेलं पोट

बाबा,

घराची कौलं फेरताना छपरावरून पडलेला तो माणूस तुम्ही विसरला नसाल. भंडाऱ्याच्या आपल्या दवाखान्यात मी तेव्हा नुकतीच तुमच्या हाताखाली शस्त्रक्रिया शिकू लागले होते. त्याच्या अंगावर साधं खरचटलेलंही नव्हतं, पण पोट दुखत होतं आणि सुई घालून पाहिलं तर रक्त आलं. मी म्हणाले, नाडी चांगली आहे, थोडं थांबू या. तुम्ही भडकलात. "काय पाहून राहिली? शंका आली का पोट उघडाचं! आतमधी काय चाललं ते तुले दिसते का?" दिसत नव्हतंच. तुम्ही उघडलंत, तर यकृताला बोटाच्या पेराएवढी चीर, आणि रक्त केव्हाच थांबलेलं. पुढे त्याचे टाके पिकले आणि रोवणीचा अख्खा हंगाम तो खाटेवर पडून राहिला. एका दुपारी स्वयंपाकघरात आईनं वाढलेलं ताट तुम्ही बाजूला सारलंत. "फुकट कापलं मी त्याले," तुम्ही म्हणालात, "पण न कापता कसं कळावं?" तुम्ही चुकला नव्हतात, बाबा. थांबलो म्हणून हातचे गेलेले रोगीही आपण पाहिले होते.

तुम्ही गेलात, आणि काही वर्षांनी नागपुरात सीटी स्कॅनचं यंत्र आलं. त्याच सुमारास लाखनीजवळ ट्रकच्या भोंग्यानं बैलबंडीचे बैल बिथरले आणि धानाच्या भाऱ्यांवर बसलेली दहाएक वर्षांची मुलगी खाली पडली. बंडीचा दांडा तिच्या डाव्या बरगड्यांखाली बसला. तिच्या आईनं तिला माझ्यापुढे ठेवलं. "पोट फाडा लागते का वो बाई?" मी म्हटलं, आधी पाहू. सलाईन दिल्यावर रक्तदाब टिकला, म्हणूनच जीपमध्ये घालून तिला नागपूरला नेलं. घसरला असता तर आपल्या दवाखान्यातच उघडलं असतं, तुमच्यासारखं. तिच्या शिरेतून, चित्रात रक्त उजळून दाखवणारं औषध दिलं, आणि पडद्यावर पोटाचे आडवे काप उमटू लागले. प्लीहेला भेग होती, भोवती रक्त साचलं होतं. पण औषध बाहेर गळत नव्हतं, म्हणजे नवं रक्त वाहत नव्हतं. यकृत आणि मूत्रपिंडं शाबूत. बाबा, पोट बंद होतं आणि मला आतलं दिसत होतं!

तिथले वयस्क सर्जन तुम्हाला ओळखत. ते म्हणाले, "प्लीहा काढून टाका, मोकळ्या व्हा." प्लीहा रोगजंतूंशी लढते; ती काढली असती तर साध्या तापाचीही तिला जन्मभर भीती राहिली असती. मी म्हणाले, "थांबू या. थिएटर तयार ठेवा, रक्त जुळवून ठेवा. बिघडलं तर मीच उघडीन."

"तुमच्या वडिलांनी असं केलं नसतं."

"त्यांना हे चित्र दिसलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची नाडी चढली; आत पुन्हा रक्त वाहू लागल्याचीही ती खूण असू शकत होती. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मुलीची आई रडकुंडीला आली, "आता काहून वाट पाहून राहिल्या?" मी पोटावर हात ठेवते. मऊ आहे. दाब पाहते, स्थिर आहे. रक्ताची बाटली लावते आणि खाटेशेजारचं स्टूल सोडत नाही. दुपारपर्यंत नाडी उतरते. मग मुलगी डोळे उघडून म्हणते, "मले भात पाह्यजे." ते ऐकून ते वयस्क सर्जनही हसले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पुन्हा स्कॅन केला तेव्हा भेग भरत आली होती. घरी निघताना आई पोरीचा फ्रॉक वर करून वॉर्डातल्या प्रत्येकाला पोट दाखवत फिरली. "पाहा, एक टाका नाही!" पोरगी लाजून लाल. मी मात्र ताठ मानेनं तिच्यामागून चालत होते, जणू वरात माझीच.

एक सांगते. ती वाचली याचा आनंद होताच. पण तुमच्या पुढे एक पाऊल गेले, याचा आनंद त्याहून जास्त झाला. तुम्ही असता तर हे तोंडावर बोलायची माझी हिंमत नव्हती. पाठवायचं नाही म्हणूनच लिहू शकले.