ऑस्टोक हॉलच्या सहाव्या खिडकीबाबत

दिनांक : ९ ऑक्टोबर १८३८

प्रति,
मा. कोरोनर साहेब,
मृत्यूचौकशी कार्यालय,
वेन्सबरी परगणा, इंग्लंड.

विषय : कु. टॅबिथा पेंबल, वय १९, हिच्या मृत्यूच्या निष्कर्षातील एक ओळ बदलून मिळणेबाबत.

संदर्भ : आपले दि. २४ सप्टेंबरचे उत्तर.

महोदय,

१. अर्जदार जोसाया पेंबल हा रंगारी असून मयत मुलीचा बाप आहे. निष्कर्षात आपण लिहिले आहे : "उघड्या खिडकीला शिडी लावलेली असूनही मयताने उतरण्याची तत्परता दाखवली नाही." तेथे खिडकी नाही. अर्जदारास हे ठाऊक आहे, कारण ती त्यानेच रंगवली आहे.

२. ऑस्टोक हॉलचे मालक लॉर्ड डेव्हरिल यांचे आजोबा इटलीहून घरांच्या नकाशांची वही घेऊन आले. दरवाजाच्या डावीकडे जितक्या खिडक्या तितक्याच उजवीकडे, मग आत काहीही असो, हा नियम त्यांनी घालून दिला. पुढे ज्या ज्या घरी डेव्हरिलांची मुलगी नांदायला गेली, त्या त्या घराने आपली दर्शनी भिंत पाडून अशीच बांधली. परगण्यात अशी सात घरे आहेत. जेथे आत धुराडे किंवा जिना आडवा आला, तेथे बाहेर चौकट, काच, आणि काचेमागे काळा रंग दिलेली भिंत. ते काम अर्जदाराचे.

३. अशा भिंतीमागच्या खोल्यांत उजेड नसतो, म्हणून त्या मोलकरणींना देतात. टॅबिथा सहाव्या खिडकीमागे राहत असे. बाईसाहेबांना घर निजल्यासारखे दिसू लागले, तेव्हा कारभारी म्हणाले, "पेंबल, तावदान वीतभर उचललेलं दाखव. पडदा जरा फुगव. कुणी राहतंय असं वाटू दे." अर्जदाराने तसे केले, आणि मन लावून केले. मुलगी थट्टा करी, "बाबा, सगळ्या परगण्याला माझा पडदा दिसतो, मलाच तेवढा दिसत नाही!"

४. दि. ३ सप्टेंबर रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास धुराड्यातून आग लागली. टॅबिथा एप्रन बदलायला वर गेली होती. ती जिन्यापर्यंत आली होती, असे स्वयंपाकघरातील हेस्टर सांगते. त्याच वेळी बाहेरून गाडीवान ग्रीव्ह शिडीवर चढत ओरडला, "टॅबी, खिडकी उघडी आहे गं! पाय बाहेर टाक, मी धरतो!" हाक ऐकून ती मागे फिरली. हेस्टरने मागून हाक मारली, "अगं वेडे, कुठे निघालीस?" ती म्हणाली, "ग्रीव्हकाका बोलावताहेत."

५. (हा परिच्छेद अर्जदाराने तीनदा लिहून खोडला. भिंतीच्या आतल्या बाजूस खुणा आहेत, एवढेच राहू द्यावे.)

६. अर्जदाराच्या पहिल्या अर्जावर आपण कळवले की, आपल्या माणसाने बागेतून पाहणी केली, खिडकी सुस्थितीत आढळली व पडदा हलताना दिसला. अर्जदार आपल्या कामाची याहून मोठी स्तुती कधी ऐकणार नाही.

७. सरकारच्या खिडकीपट्टीच्या यादीत त्या मजल्यावर पाच खिडक्या आहेत. आपल्या निष्कर्षात सात आहेत. कर भरताना जी खिडकी नसते, ती मुलगी मेल्यावर कशी असते, एवढे कृपया कळवावे.

८. खोलीची डागडुजी झाली असून सोमवारपासून तेथे नवी मोलकरीण राहणार आहे. काजळी पुसून खिडकी पूर्वीसारखी करण्याचा हुकूम अर्जदारास आला आहे. नम्र विनंती अशी की, त्यापूर्वी कोणीतरी मागच्या जिन्याने वर जाऊन आतून भिंतीला हात लावून पाहावा व ती ओळ खोडावी.

९. कोणी न आल्यास अर्जदार सोमवारी शिडीवर चढेल, पण कुंचल्याऐवजी पहार घेऊन. पडेल ते भगदाड डेव्हरिलांच्या मापात बसणार नाही. हाच अर्ज त्या गुन्ह्याचा कबुलीजबाब समजावा. अटकेसाठी माणसे पाठवाल तेव्हा त्यांना आतूनच वर पाठवावे, कारण अर्जदार त्याच खोलीत बसलेला असेल. म्हणजे पाहणीही उरकेल.

सोमवारपर्यंत आपला आज्ञाधारक,
जोसाया पेंबल, रंगारी

सोबत :
१. खिडकीपट्टीच्या यादीची नक्कल.
२. हेस्टरचा जबाब (सही येत नसल्याने फुली).
३. ग्रीव्हचा जबाब : जोडलेला नाही. तो लॉर्डसाहेबांच्या घरात राहतो आणि त्याला पाच लेकरे आहेत.