धोट्याचा मणी

प्रिय आय,

प्रभूच्या कृपेने भिवंडीत मी खुशाल आहे. तुझा गुडघा कसा आहे?

दारूच्या नशेत मी तुझी जपमाळ तोडली होती, ती नीट करून पाठवतोय. एकोणसाठपैकी एक मणी सापडला नाही. तो लूमच्या जुन्या धोट्याच्या लाकडातून मीच कोरला. कुणी शिकवलं नाही, पण मापात तंतोतंत बसलाय.

दारू सुटून परवा वर्ष झालं. कारखान्यातले तात्या म्हणाले, "पास्कूशेठ, मरियामाता पावली तुम्हाला!" मी म्हटलं, "तात्या, नीट ऐका. तारणारा येशू. त्याच्यापाशी माझ्यासाठी शब्द टाकला मरियामातेने, आणि तिच्यापाशी माझ्या आयने."

जपताना लाकडी मणी बोटाला लागेल. त्याच्यावर प्रभूचे आभार मान. उरलेल्या अठ्ठावन्नांवर माझ्यासाठी मागत राहा.

तुझाच,
पास्कू