भुऱ्याचा श्वास

किहीम, गुरु. ४ डिसें. १९५८
भुऱ्याने सकाळी मुळ्याच्या पाल्याला तोंड लावलं नाही. नाक पाझरतंय, ते पुसून पुसून पुढचे पंजे ओले. काल संध्याकाळी तर वाडीत पोफळींमधून उड्या मारत होता. दादांनी दिवसभर त्याला मांडीवरून उतरू दिलं नाही. आई गेल्यापासून दादा आम्हा दोघा भावंडांशी फारसे बोलत नाहीत. वसंताने मुंबईहून रेवसच्या लाँचने हा ससा आणला, तेव्हापासून त्याच्याशी मात्र बोलतात. शेतीचं, पावसाचं, आईचंसुद्धा.
थंडी बाधली असेल.

शुक्र. ५
थंडी नव्हे. कुशी भात्यासारख्या हलतायत. शाळेत रजेचा निरोप पाठवला, अलिबागहून गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. तरुण आहेत, बोलायला सौम्य. "बैल-म्हशी रोजच्या. सशाला पहिल्यांदाच हात लावतोय." एक इंजेक्शन दिलं. मग मान वर धरून नळीने पातळ औषध. भुऱ्या धडपडला. औषध नाकातून परत आलं.
दादा म्हणाले, "पुरे आता. त्याला दम घेऊ द्या."
"झालंच," म्हणत डॉ.नी उरलेलंही पाजलं.
ते गेल्यावर भुऱ्या तोंड उघडून श्वास घ्यायला लागला. असं त्याला कधी पाहिलं नव्हतं. दिवेलागणीच्या आधी संपलं. दादांच्या मांडीवरच.

शनि. ६
वाडीत पुरलं. मी एकटीनेच. दादा ओटीवरून उठले नाहीत, जेवलेही नाहीत.
शेजारची पारूवहिनी म्हणाली, "बाय, ससाच तो. दुसरा आण."
तिचं चुकलं असं नाही. पण
औषध फुप्फुसात गेलं असेल का? की आधीच सगळं हाताबाहेर गेलेलं? दिवसभर तेच डोक्यात.

सोम. ८
शाळा सुटल्यावर एसटीने अलिबाग. डॉ. दवाखान्यामागे एका गायीपाशी होते. विचारलं, "औषध श्वासनळीत गेलं असेल का?"
"न्यूमोनिया होता, बाई. तो राहणारच नव्हता."
"आणि पाजलं नसतं तर?"
बादलीत हात धूत राहिले. हात स्वच्छ झाले तरी धूत होते. मग म्हणाले, "तर डॉक्टरने काहीच केलं नाही, असं म्हणाल्या असतात."
म्हटलं असतं, खरंच. पण हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. त्यांना ते उत्तर ठाऊक तरी आहे का? धड रागही येत नाही.

मंगळ. ९
दादा नुसती पेज घेतात, तीही अर्धी. आज एकदाच बोलले. "मी पुरे म्हटलेलं ना गो?"
हो म्हटलं.

गुरु. ११
दादांना कालपासून ताप. खोकला, छातीत घरघर. गावातले डॉ. सकाळी तपासून गेले. बाहेर अंगणात हळूच म्हणाले, "न्यूमोनिया वाटतोय." बाटलीत औषध दिलंय, सुई उद्यापासून. वसंताला तार केली.
दुपारी चमचा ओठांशी नेला. दादांनी ओठ घट्ट मिटले. समजावलं, रागावले, वसंताचं नाव काढलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पारूवहिनी म्हणाली, "दोघी धरून पाजू." तिला नको म्हटलं. ती गेली.
नको म्हटलं ते बरोबर केलं का?
चमचा वाटीत तसाच. दादांचे डोळे मिटलेले आहेत, पण ते जागे आहेत.