खुंटीवरचा कोट

धाकट्या,

रागात असशील तर रागातच वाच.

लाँड्री बरी चालली आहे. दर रविवारी वाचनालयात नोकरी शोधणाऱ्यांना चार गोष्टी सांगते. दहा मिनिटं आधी पोचा. येत नसेल ते येत नाही म्हणा. कोट नसला तर स्वच्छ शर्टावर जा, पण जा. गरजूंचे कपडे फुकट इस्त्री करून देते. लोक मला देवमाणूस म्हणतात आणि मी ऐकून घेते.

काल एकाने मुलाखतीसाठी दुकानातल्या खुंटीवरचा तुझा कोट मागितला. माझ्या तोंडून निघून गेलं, "तो अजून ओला आहे."

तुझ्या मुलाखतीच्या सकाळीही मी हेच म्हणाले होते. कोट आदल्या दिवशीच इस्त्री होऊन कपाटामागे टांगलेला होता. तू गेलास तर दुकान एकटीने कसं रेटू, एवढंच डोक्यात होतं. तू दुपारपर्यंत दुकानातल्या बाकावर कोट वाळायची वाट बघत बसलास आणि मुलाखत हुकली. महिन्याभरात घर सोडून गेलास, कोट न घेता.

कालचा तो हसला. "राहू द्या, ताई. शर्टावर जातो. तुम्हीच तर सांगता."

शर्टावर जा, हे तुला मी सांगितलं नव्हतं.

पत्र कोटाच्याच खिशात ठेवते आहे, तू न्यायला येशील तेव्हा सापडेल.

तुझी,
ताई