आप्पांच्या नावावर एक्केचाळीस मिनिटं

१२ नोव्हेंबर, बुधवार
बघितला. अर्धाच! सव्वीस वर्षांपूर्वी याच पिक्चरवरून सासऱ्यांनी, आप्पांनी, निपाणीच्या टॉकीजवर मोर्चा नेला होता. दुसऱ्याच दिवशी खेळ बंद. घरात अजून ती गोष्ट रंगवून सांगतात. म्हटलं, आहे तरी काय एवढं! नवरा, श्रीनाथ, लोंढ्याला ड्युटीवर, मला सुट्टी. दुपारी दार लावून मोबाइलवर लावला.

पडदे, मेणबत्त्या, उघडी पाठ. चक्क जांभई आली. पण मग बायको नवऱ्याचं कपाट उघडते आणि आत ते ओले हातमोजे — झटकन बंद केला. एक्केचाळिसावं मिनिट.

१३ नोव्हेंबर
मेले मी! घरात सगळ्यांना मिळून एकच ॲप. त्यात प्रत्येकाचं नाव वेगळं — आत्तींचं, म्हणजे सासूबाईंचं सोडून. त्या आप्पांच्याच नावावर मालिका बघतात. आणि मी काल गडबडीत आप्पांच्याच नावात शिरले! आता अर्धवट राहिलेला पिक्चर म्हणून निपाणीला बाहेरच्या सोप्यातल्या टीव्हीवर ती उघडी पाठ येणार, चारचौघांत. पुसायला गेले तर ओटीपी आप्पांच्या फोनवर!

नीलमवन्सं मैत्रिणीबरोबर नुसत्या मॅटिनीला गेल्या, तर त्यांचं कॉलेज बंद झालं. मला बेळगावात नोकरीला पाठवताना आप्पा म्हणालेले, "कुनी एक बोट जरी दावलं, तर सामान भरून निपाणीला यायचं." हातमोज्यांची भीती कुठल्या कुठे पळाली.

१४ नोव्हेंबर
आप्पांचा फोन. "रविवारी ये. टीव्हीचं जरा बघायचं हाय." बस्स, एवढंच! श्रीनाथला सांगू? तो वडिलांपुढे मान वर करत नाही.

१५ नोव्हेंबर
ऑफिसात तीन पत्रं चुकवली. राजीनाम्याचं चौथं मनातल्या मनात लिहून झालंय.

१६ नोव्हेंबर, रविवार
आप्पा सोप्यात, रिमोट हातात. "हे बघ."

"आवाजच येत न्हाय गं. बातम्या नुसत्या बघत बसायच्या व्हय?"

कुणीतरी आवाज पार शून्यावर नेलेला. वाढवून दिला. आप्पा चहाला आत गेले तेवढ्यात ॲप उघडलं — तीच पाठ. पण किती बघून झालं ते दाखवणारी खालची तांबडी रेघ मध्यावर नव्हती. टोकाला पोचलेली! आप्पांना तर ॲप उघडता येत नाही.

संध्याकाळी, बसमध्ये
निघताना आत्ती भाकरी बांधून देत हळूच म्हणाल्या, "मोर्चात पाटी मीच धरलती गं. कशापायी, ते परवा बघितलं. आवाज बंद करून. लई कायबी न्हाय त्यात. भ्या वाटलं ते ह्यांच्या चपला वाजतील त्याचं."

मग म्हणाल्या, "ह्यांच्या फोनवर आकडा आला की मी सांगते, पुसून टाक. पन आधी तू शेवट बघ."