खाकरत चालायचं

२० मार्च
अखेर सावली गावाजवळच्या रानातली कुटी मिळाली. भद्रावतीत आई म्हणायची, वनरक्षकाची नोकरी म्हणजे वनवास. पण इथं पंखा आहे, खाट आहे आणि माझा बिट्टू कुत्राही सोबत आहे, म्हणजे वनवासात निदान लक्ष्मण तरी आहे. प्रवासानं त्याचं नाक जरा वाहतंय. यंदा नाले फेब्रुवारीतच आटले, त्यामुळे सगळी जनावरं कुटीमागच्या एकाच पाणवठ्यावर येतात. आज बिट्टू तिथं कोल्ह्याच्या नाकाला नाक लावून उभा होता. भलताच शहाणा!

वनमजूर मंगरूभाऊंची बायको कमळाबाई पहाटे मोहाची फुलं वेचायला जाते आणि परतताना माझ्या दारातल्या रांजणाचं पाणी पिते. तिनं पहिला धडा दिला : "बाई, रानात खाकरत चालाचं. वाघ आयकते, बाजूले होते. तो बी आपल्याले भेतेच." मला ती फार आवडली.

१ एप्रिल
बिट्टू गेला. झटके येत होते, रिकामं तोंड चघळत होता. मोहाच्या झाडाखाली पुरला. जेवले नाही.

१२ एप्रिल
भर दुपारी कोल्हा अंगणात आला. दगड मारला तरी हलेना. बिट्टूसारखंच रिकामं तोंड चघळत होता. जनावरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, डिस्टेंपर असावा, कुत्र्यांचा साथीचा रोग. माणसाला होत नाही, पण मेंदूत शिरला की जनावराची भीती जाते. उन्हानं खंगलेली जनावरं, त्यात सगळ्यांची तोंडं एकाच पाण्यात. आग लागायला आणखी काय हवं?

बिट्टूची लस मी आज करू, उद्या करू म्हणत राहिले. हा रोग रानात मी आणला.

२२ एप्रिल
वाघीण. रस्त्यातच उभी. मंगरूभाऊ खाकरले, ओरडले, डबा बडवला. ती आमच्याकडे बघतही नव्हती. नाक गळत होतं, मधूनच माणसासारखी खोकत होती. आम्ही पाठ न वळवता मागे सरकत आलो.

कमळाबाईला हात जोडले, जाऊ नका म्हटलं. ती हसली. म्हणाली, मोह काय आपली वाट पायते, बाई?

२४ एप्रिल
डॉक्टरांच्या सांगण्यावरून पाणवठ्याचं टाकं उपसून बंद केलं. संध्याकाळी चितळं कोरडं टाकं चाटत होती. उघडावा तर रोग, बंद ठेवावा तर तहान. मी काय करू? कोणी सांगेल का?

२६ एप्रिल, दुपार
मंगरूभाऊ डॉक्टरांना आणायला गेलेत. कमळाबाई अजून परतली नाही.

बाहेर कोणीतरी खाकरलं. मंगरूभाऊ आले वाटतं. हाक मारली.

पुन्हा खाकरणं. दाराच्या इतक्या खालून—

रांजण फुटला. फटीतून पट्टे दिसतात. सांडलेलं पाणी चाटतेय. थाळी बडवली. कानही हलवत नाही—

आता वाटेवरून खाकरणं. हे कमळाबाईचं. पाणी प्यायला येतेय. ओरडले, येऊ नका— तिला ऐकू जात नाही—

पुन्हा खाकरली. वाघाला सांगतेय, बाजूला हो—

वाघीण उठली. तिकडेच—

पाणी मी बंद केलं. दार उघडते. कमळाबाई, पळा, मी इकडे तिला—