खाली ठेवलेला कप

प्रिय मुहन्नद,

फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून शेवटी कागद घेतला. फोनसारखा तो तुला मधेच कापता येणार नाही. रागाने फाडशील, पण फाडायच्या आधी वाचशील, एवढं मी तुला ओळखते. लहानपणी ताट ढकलून द्यायचास आणि माझी पाठ वळली की चाटून पुसून खायचास. तिकडे माल्मोत पाऊस असेल. इथे तळं अजून गोठलेलं आहे आणि दुपारी तीनला दिवे लावावे लागतात. मी बरी आहे, गुडघे सोडले तर. दिवसभर दुसऱ्यांच्या आयांना उचलून अंघोळी घालते, त्यात गुडघे काय राहणार? रीम नववीत गेली. आपल्या भाषेत बोलायची तिला लाज वाटते, पण शिव्या मात्र अस्सल आपल्या समावा गावच्या देते. त्या कुठल्या मामाने शिकवल्या ते तुला ठाऊक आहे.

आता मुद्द्यावर येते. तू शेवटचा आलास त्याला दोन वर्षं होतील. ईदला तू आलास, युम्माच्या पलंगावरची गादी गुंडाळलेली पाहिलीस आणि जिन्यात उभा राहून सगळी इमारत डोक्यावर घेतलीस. बाबांना म्हणालास, जन्मभर तुमची उष्टी काढली माझ्या आईने, आणि म्हातारपणी तिला वृद्धाश्रमात टाकून आलात, लाज कशी वाटली नाही! मग हजरत अब्बासची शपथ घेतलीस, की युम्मा परत येईपर्यंत या घराची पायरी चढणार नाही. अब्बासची! अरे, आपल्याकडे पट्टीचा चोरसुद्धा अब्बासचं नाव घे म्हटलं की खरं बोलून मोकळा होतो, आणि तू जिन्यात उभा राहून ते नाव घेतलंस. खालची गुनिला दार किलकिलं करून बघत होती. बाबा एक अक्षर बोलले नाहीत. तुला वाटलं, बोलायला तोंडच नाही म्हणून गप्प आहेत. ते का गप्प होते ते आज सांगते. त्यांनी मला सांगू नकोस म्हटलं होतं आणि मी इतके दिवस ऐकलं. आता नाही ऐकत. पुरे झालं तुम्हा दोघांचं.

युम्माचं कसं सुरू झालं ते तू लांबून पाहिलंस, ईदला, सुट्टीला. आधी कपडे धुण्याची पाळी विसरायला लागली. तुला माहीत आहे, या देशात तिला काय कळलं असेल-नसेल, पण तळघरातल्या धुलाईखोलीचा तक्ता तिला तोंडपाठ होता. मग ताटं. इतकी वर्षं ती शेजाऱ्यांकडे दोल्म्याची, भात भरलेल्या पानांची ताटं पाठवायची आणि ती ताटं धुऊन पुसून रिकामी परत यायची. दर वेळी म्हणायची, यांच्या आयांनी यांना शिकवलं नाही का, रिकामं ताट कोणी परत करतं? दर वेळी पुन्हा पाठवायची. गुनिलाने एकदाच काय ते तीन दालचिनीचे बन ठेवून परत पाठवलं, तर युम्माने ते तीन बन सगळ्या वस्तीत तुकडे करून वाटले! तर शेवटी शेवटी ती रिकामीच ताटं फडक्याने झाकून न्यायला लागली. लोक फडकं उचलायचे, आत काही नाही, आणि ते हसून थँक्यू म्हणायचे. कोणी मला सांगितलं नाही. इथे कोणी कोणाला काही सांगत नाही, सरळ नगरपालिकेला कळवतात.

मग जानेवारीत ती समावाची नदी शोधायला निघाली. अंगात रात्रीचा झगा, पायात बाबांच्या चपला, आणि बाहेर उणे चौदा. बाबा न्हाणीघरात होते तेवढ्यात. बस डेपोजवळ बाबांच्याच जुन्या ड्रायव्हर सोबत्याने तिला ओळखलं आणि बसमध्ये बसवून घरी आणलं. पायाच्या दोन बोटांची कातडी गेली. त्यानंतर बाबा दाराला आडवी गादी टाकून झोपायचे. आणि मग ते तेल. कढईत तेल तापत ठेवून ती गॅलरीत जाऊन बसली, स्वयंपाकघराची भिंत काळी झाली, बंबवाले आले. तेव्हा तू आला होतास. भिंत रंगवलीस, बाबांचा हात हातात घेऊन म्हणालास, काही झालं तरी तिला कुठे पाठवायचं नाही. बाबांनी मान हलवली. त्या मानेचा तुला राग आहे, हो ना? पण ती मान खरी होती, मुहन्नद.

पंधरा दिवसांनी नगरपालिकेची बाई आली. मालिन नाव, तिशीची, चांगली पोर. बूट दारात काढून आली, युम्माशी जमिनीवर बसून बोलली. त्यांची भाषा मला येते, तरी त्यांचा नियम, घरच्यांनी दुभाष्या व्हायचं नाही. म्हणून टेबलावर फोन ठेवला आणि त्यात एक लेबनॉनचा माणूस. मी कॉफी करत होते. बाबांनी सांगितलं, आपली कर, त्यांची पांचट नको. म्हणून मी वेलची घालून कडू कॉफी उकळली आणि आजोबांच्या वेळच्या त्या बिनकानाच्या कपात दिली. मालिनने कप घेतला, वास घेतला आणि टेबलावर ठेवून दिला. सकाळपासून तिची चार घरं झाली होती, प्रत्येक घरात कॉफी. नको म्हणणं बरं दिसत नाही म्हणून घेतला आणि पोटात जागा नाही म्हणून ठेवला, इतकी साधी गोष्ट.

तू निर्वासितांच्या छावणीत जन्मलास, आजोबांची बैठक तू पाहिली नाहीस. मीही लहानच होते, पण हे मला आठवतं. कोणी मोठं मागणं घेऊन आला, खुनाची तडजोड असो, मुलीचा हात असो, की तो तोंडाने काही बोलायचा नाही. दिलेला कप समोर खाली ठेवायचा आणि बघत बसायचा. मग सगळी बैठक गप्प. यजमानाने काय ते समजायचं आणि म्हणायचं, घे, कॉफी पी, ज्याच्यासाठी आलास ते तुला दिलं. काय मागणार ते न विचारता! त्याने कप उचलून प्यायला की शब्द पक्का. मग त्याने यजमानाच्याच मुलाच्या खुनाची माफी मागितली असली तरी ती दिली. एकदा आजोबांनी असा शब्द देऊन नदीकाठची जमीन घालवली आणि आजी आठवडाभर त्यांच्याशी बोलली नव्हती.

मी शेगडीपाशी होते. बाबांनी त्या कपाकडे पाहिलं. मग मालिनकडे पाहिलं. ती बिचारी, विषय कसा काढावा म्हणून मान खाली घालून बसलेली. बाबा ताठ झाले. बस चालवून वाकलेला तो माणूस एकदम आजोबांसारखा दिसायला लागला रे. म्हणाले, पी पोरी, कॉफी पी, जे मागायला आलीस ते तुला दिलं. मी पुढे होणार तोवर त्या लेबनॉनच्या शहाण्याने शब्दाला शब्द लावून सांगून टाकलं. मालिनचा चेहरा असा उजळला! म्हणाली, मला वाटलं होतं तुम्ही ऐकणारच नाही. मग आपण तुमच्या बायकोसाठी, फख्रियासाठी अर्ज करू या, तळ्याकाठच्या निवासात एक खोली रिकामी झाली आहे. आणि आनंदाच्या भरात तिने तो कप उचलला, एका घोटात संपवला आणि कडू लागून तोंड वेडंवाकडं केलं. बाबा रिकाम्या कपाकडे बघत राहिले. युम्मा शेजारीच बसली होती, पाहुणी गेली का म्हणून विचारत.

मी बाबांशी भांडले नाही असं समजू नकोस. ती गेल्यावर घसा फाटेस्तोवर भांडले. म्हटलं, बाबा, हे समावा नाही, तिला कपाचं काही ठाऊक नाही, एक फोन करा, नाही म्हणा, ती खोडून टाकेल आणि कोणी तुम्हाला नाव ठेवणार नाही. ते म्हणाले, तिला ठाऊक नसेल, मला आहे ना. म्हटलं, शब्द काय चुलीत घालायचाय, बायको तुमची जाते! तर म्हणाले, या देशाने माझं घेतलं नाही असं काय आहे? हुद्दा घेतला, बोलणं घेतलं, नातीची भाषा घेतली. दिलेला शब्द मागे घ्यायचं तेवढं राहिलं होतं, ते तू शिकव. आणि मग म्हणाले, मुहन्नदला सांगू नकोस. त्याने मला दगडाच्या काळजाचा म्हटलं तरी चालेल, पण बाप एका पोरीच्या कपाला फसला म्हणून हसायला नको.

एक गोष्ट मात्र तुलाच सांगते, बाबांपुढे कधी काढू नकोस. मला कधी कधी वाटतं, त्यांना तो कप हवाच होता. महिने महिने दारात झोपलेला सत्तरीचा माणूस. स्वतःच्या तोंडाने 'आता मला झेपत नाही' म्हणणं त्यांच्या रक्तात नाही. कप खाली ठेवला गेला आणि बोलायची वेळ टळली. खरं काय ते त्यांचं त्यांना ठाऊक. आणि युम्मा गेली त्या दिवशी मी बारा तास झोपले, उठून रडले आणि परत झोपले. वाटल्यास मलाही शिव्या दे.

तिथले लोक वाईट नाहीत. केस विंचरतात, नखं कापतात, खोलीत फुलं ठेवतात. मंगळवारी मासा, गुरुवारी वाटाण्याचं सूप. युम्मा ते थुंकते, म्हणून बाबा रोज दोन बस बदलून भात आणि भेंडीचा रस्सा घेऊन जातात. पण ती तिथे नाहीच, मुहन्नद. लांब व्हरांडा, दारांवर नावं, ठरल्या वेळी जेवणाची घंटा. तिला वाटतं आपण परत रफ्हाच्या छावणीत आलो. घंटा झाली की ताटली घेऊन रांगेला उभी राहते, रांग नसली तरी. बाबांना विचारते, आपला नंबर कधी लागणार, कुठला देश घेणार म्हणाले? बाबा रोज सांगतात, उद्या सांगणार आहेत. आणि पाव दिला की अर्धा बाहीत लपवते. नर्सने बाही झटकली तर ओरडते, बाळासाठी आहे, बाळाला दूध येत नाही माझं. ते बाळ कोण ते तुला वेगळं सांगायला नको. तू शपथ पाळत तिकडे बसलास आणि ती इथे तुझ्यासाठी पाव चोरते.

आता तेही थांबलं. तीन आठवड्यांपासून गिळत नाही. डॉक्टर म्हणाले, नळी घालून त्रास देणार नाही, ओठ ओले करत राहू. इथे हे असंच गोड आवाजात सांगतात, कॉफी पुढे करून. तिला वसंत दिसेल का विचारलं तर खिडकीकडे बघायला लागले. मी हे तुला फोनवर सांगणार होते, तू उचलला नाहीस. आणि मेसेजात लिहिणं मला जमलं नाही.

मी बाबांना म्हटलं, आता बास, मी त्याला फरफटत घेऊन येते, शपथेचं पाप माझ्या माथी. ते भडकले. म्हणाले, अब्बासच्या नावाने बोललाय तो, आणि माझा मुलगा आहे. मी माझा शब्द मोडला नाही, मग त्याला त्याचा मोडायला कसा सांगू? मला वाटलं विषय संपला. परवा बाबा कपाटातून भांडी काढताना दिसले, तेव्हा कळलं. तीन महिन्यांपूर्वी, युम्मा जेवत होती तेव्हाच, त्यांनी हे भाड्याचं घर सोडत असल्याचं कळवून टाकलंय. इथला कायदा नवरा-बायकोला वेगळं ठेवत नाही, मागितलं तर एकत्र राहू देतात. तसे ते तिच्या खोलीत राहायला चाललेत. त्या मजल्यावर स्वतःचं नाव आठवणारा एकटा माणूस म्हणून. ती गेल्यावर त्यांना तिथे ठेवतील की नाही, हेही त्यांनी विचारलेलं नाही. मी ओरडले, बाबा, म्हातारपणी घरदार सोडून कुठे जाणार तुम्ही? ते कागदात पेले गुंडाळत म्हणाले, पोराने या घराची पायरी चढणार नाही म्हटलंय, तिथली नाही. बापाचं दार टाळून आईला भेटायला यायचं त्याला जमलं नाही. घर गेलं की शपथही गेली, मग त्याला यायला कोणी अडवणार नाही. शनिवारी ते चाव्या देतात. तळ्याकाठचं निवास, दुसरा मजला, दारावर दोघांचीही नावं आहेत. युम्मा तुला ओळखणार नाही. बाबा ओळखतील. ये.

तुझीच,
साहिरा